औषध लावूनही तोंडातली बुरशी परत का येते?

वरची कवळी काढून टाळूवर प्रकाश टाकला, तर पुष्कळदा अत्यंत रेखीव दृश्य दिसते. कवळी जेवढ्या भागाला टेकते तेवढाच भाग लालबुंद झालेला असतो आणि कवळीची कड जिथे संपते तिथपासून टाळूचा नेहमीचा फिकट गुलाबी रंग पुन्हा सुरू होतो. तीच कवळी हातात धरून टाळूकडच्या बाजूने अंगठा फिरवला की पृष्ठभाग बुळबुळीत लागतो, आणि दातांवरचा थर रंगवून दाखवणारे द्रावण तिच्यावर लावून ती पाण्याखाली धरली, तर वरवर स्वच्छ दिसणाऱ्या त्या प्लॅस्टिकवर गडद ठिपके आणि पट्टे उमटतात. सदाशिव-नारायण पेठेत काय किंवा कोथरूड-औंधात काय, पुण्यातल्या ज्येष्ठांची तोंडे तपासणाऱ्या कोणत्याही दंतवैद्याला हे दृश्य परिचयाचे आहे, आणि त्यासोबत ऐकू येणारी तक्रारही परिचयाची आहे: "डॉक्टर, औषध लावलं तेवढे दिवस बरं वाटलं, बंद केलं आणि पुन्हा जैसे थे."

अशा वेळी औषध बदलून पाहण्याकडे कल असतो. औषधाचा दोष मात्र क्वचितच असतो. टाळूवरची लाली हा परिणाम असून त्याचे कारण बहुतांशी कवळीच्या प्लॅस्टिकवर वस्तीला असते, आणि तेही सुट्या बुरशीपेशींच्या रूपात नव्हे, तर बायोफिल्मच्या, म्हणजे सूक्ष्मजीवांनी स्वतः रचलेल्या चिकट, जिवंत थराच्या रूपात असते. हा थर कसा बनतो हे नीट समजून घेतले, की औषध तिथे अपुरे का पडते आणि एका साध्या ब्रशाला एवढे महत्त्व का द्यायचे, हेही उलगडते.

तोंडातच राहणारी बुरशी

या थराची मुख्य रहिवासी म्हणजे कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी. तोंडातल्या पांढऱ्या थरात बुरशी असते, हे बर्नहार्ड लांगेनबेक या जर्मन शल्यचिकित्सकाने १८३९ मध्येच नोंदवले होते. 'कँडिडा' हे प्रजातीचे नाव मात्र १९२३ मध्ये क्रिस्टीन बर्कहाउट या डच संशोधिकेने दिले. निरोगी प्रौढांपैकी साधारणपणे निम्म्या लोकांच्या तोंडात ही बुरशी सापडते आणि त्यांतल्या बहुतेकांना तिचा काडीचाही उपद्रव होत नाही. दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर पाझरणारी लाळ सुट्या बुरशीपेशींना आपल्याबरोबर पोटात घेऊन जाते, लाळेतली हिस्टॅटिन, लायसोझाइम आणि लॅक्टोफेरिन ही प्रथिने बुरशीला आवर घालतात, शेजारचे असंख्य जिवाणू तिला जागा आणि अन्न सहजासहजी मिळू देत नाहीत, आणि यातूनही निसटलेल्या पेशींचा समाचार पांढऱ्या रक्तपेशी घेतात.

म्हणून या आजाराला 'बाहेरून झालेली लागण' समजणे मला दिशाभूल करणारे वाटते. तो बहुतेक वेळा तोंडातली परिस्थिती बदलल्याचा परिणाम असतो. मधुमेहात लाळेतली साखर वाढते आणि पांढऱ्या रक्तपेशींचा जोर कमी पडतो. प्रतिजैविकांच्या मोठ्या माऱ्यानंतर शेजारचे जिवाणू नाहीसे होतात. दम्याच्या पंपातल्या स्टेरॉइडचा काही भाग घशात आणि टाळूवर बसून तिथली प्रतिकारशक्ती दाबतो. रक्तदाब, नैराश्य किंवा लघवीच्या तक्रारींवरच्या काही गोळ्यांमुळे, तसेच मान आणि जबड्यावर घेतलेल्या किरणोपचारामुळे लाळ आटते. तान्ह्या बाळांमध्ये प्रतिकारशक्ती अजून घडत असते, तर एचआयव्हीबाधितांमध्ये ती ढासळलेली असते. या साऱ्यांत बुरशी तीच असते, तिला मिळालेली संधी मात्र नवी असते.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवायला हवी. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडच्या दुसऱ्या लाटेबरोबर 'काळी बुरशी' हा शब्द पुण्यात घरोघरी पोहोचला आणि वरचा जबडा काढावा लागलेल्या रुग्णांच्या कहाण्यांनी लोक धास्तावले. तेव्हापासून तोंडात बुरशी आहे असे सांगितले, की रुग्णाच्या चेहऱ्यावर तीच भीती दिसते. काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, हा आजार वेगळ्या गटातल्या बुरशीमुळे होतो. तिचे बीजाणू हवेतून नाकात आणि सायनसमध्ये शिरतात आणि ती रक्तवाहिन्यांत घुसून ऊतींचा रक्तपुरवठा तोडते. कवळीखालची कँडिडा असे काही करत नाही. ती पृष्ठभागावर राहते, सावकाश वाढते आणि योग्य काळजी घेतली तर आटोक्यात येते. बुरशींच्या सुमारे दीड लाख जातींची शास्त्रीय नोंद झालेली आहे आणि त्यांतल्या काही शेच माणसाला आजारी पाडतात. आपल्याच शहरात, आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत, देशाचा राष्ट्रीय बुरशी संग्रह जतन केलेला आहे. तिथे जपून ठेवलेल्या बुरशींपैकी बहुतेकींचा माणसाच्या आजारपणाशी काहीही संबंध नाही.

गोल पेशी आणि लांब तंतू

कँडिडा अल्बिकन्सचे सामर्थ्य तिच्या रूप बदलण्यात आहे. शांतपणे राहत असताना ती चार ते सहा मायक्रोमीटर आकाराच्या, अंडाकृती, कळी फुटून वाढणाऱ्या पेशींच्या रूपात असते. परिस्थिती अनुकूल झाली की त्याच पेशीतून लांब तंतू फुटतो. प्रयोगशाळेत हे प्रत्यक्ष पाहता येते: रुग्णाच्या तोंडातून घेतलेल्या नमुन्यातली बुरशी परीक्षानळीतल्या थोड्याशा रक्तद्रवात मिसळून ३७ अंश सेल्सियसला ठेवली, की दोन-तीन तासांत, सूक्ष्मदर्शकाखाली, गोल पेशीच्या कडेतून एक सरळ, समान जाडीची नळी बाहेर आलेली दिसते. नळी जिथून फुटते तिथे ती जराही आवळलेली नसते, आणि ही खूण पाहून तंत्रज्ञ ही बुरशी कँडिडा अल्बिकन्स असल्याचा प्राथमिक निष्कर्ष काढतात. ३७ अंश म्हणजे आपल्या शरीराचेच तापमान. तोंडाच्या आत, कवळीच्या खाली, हीच घडामोड घडते.

तंतूंना दोन कामे साधतात. एक तर ते एकमेकांत गुंतून थराला मजबुती देतात, आणि दुसरे म्हणजे ते श्लेष्मल त्वचेच्या पेशींमध्ये शिरतात. तंतुरूपातली ही बुरशी कँडिडालायसिन नावाचे विष तयार करते, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले. अवघ्या ३१ अमिनो आम्लांचा हा छोटासा पेप्टाइड त्वचेच्या पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडतो आणि शरीर त्याला दाहाने उत्तर देते. टाळूची लाली हे त्या उत्तराचेच दृश्य रूप आहे.

थर कसा रचला जातो

घासून स्वच्छ केलेली कवळी तोंडात बसवली, की काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक अतिशय पातळ पापुद्रा तिच्यावर पसरतो. बुरशीच्या पेशी आधी या पापुद्र्याला सैलसर टेकतात आणि त्या अवस्थेत चूळ भरली तरी निघून जाऊ शकतात. त्यानंतर मात्र त्यांच्या पृष्ठभागावरची चिकटणारी प्रथिने आपले काम करतात आणि पेशी पक्क्या बसतात. कवळीचे ॲक्रिलिक डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी त्यात सूक्ष्म छिद्रे आणि ओरखडे असतात, आणि बुरशीच्या एका पेशीला दडून बसायला तेवढी जागा पुरेशी असते. दातांची कवळी राखेने, मिठाने किंवा खरखरीत दंतमंजनाने घासण्याची सवय अनेक घरांत आहे. त्या घासण्याने आजचा थर निघत असेलही, पण उद्याच्या थरासाठी नवे ओरखडे तयार होतात.

पुढच्या काही तासांत पेशी विभागू लागतात, त्यांच्या पुंजक्यांतून तंतू फुटतात आणि सगळी वस्ती स्वतःभोवती बहुशर्करा, प्रथिने, मेदद्रव्ये आणि मेलेल्या पेशींतून सांडलेला डीएनए यांचे चिकट आवरण तयार करू लागते. प्रयोगशाळेत एक ते दोन दिवसांत पूर्ण वाढ झालेली बायोफिल्म तयार होते. तिच्यात तळाशी गोल पेशी, वर तंतूंचे जाळे आणि त्यांच्या मधून पाणी व अन्न खेळते ठेवणाऱ्या सूक्ष्म वाटा असतात. शेवटी त्या थरातून गोल पेशी सुट्या होऊन लाळेबरोबर दुसरीकडे जातात आणि तिथे नवी वस्ती करतात. न्हाणीघराच्या मोरीत आणि पाण्याच्या टाकीच्या आतल्या बाजूला धरणारा बुळबुळीत थर हीसुद्धा बायोफिल्मच असते, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी अनोळखी नाही.

मला यात सर्वांत थक्क करणारी बाब अशी वाटते, की हे योगायोगाने साचत जाणे नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले, की सहा नियंत्रक प्रथिने मिळून या बुरशीच्या सुमारे एक हजार जनुकांचे काम हाताळतात आणि त्यातून हा थर उभा राहतो. गर्दी वाढली की पेशी फार्नेसॉल नावाचे रसायन सोडून एकमेकींना तंतू फुटणे थांबवण्याचा इशारा देतात, हे त्याआधीच, २००१ मध्ये, लक्षात आले होते. म्हणजे थर बनणे, वाढणे आणि फुटून पसरणे या तिन्ही अवस्था नियोजनबद्ध आहेत.

वरच्या कवळीखाली ही वस्ती विशेष फोफावते, कारण ती कवळी टाळूला घट्ट धरून बसते, तिच्याखाली लाळ पोहोचत नाही, जिभेचे घासणेही होत नाही आणि अडकलेल्या अन्नकणांमुळे तिथे आम्लता वाढते. खालच्या कवळीखाली हा त्रास तुलनेने कमी दिसतो. रात्रीही कवळी काढली नाही, तर टाळूला चोवीस तासांत मोकळी हवा आणि लाळ मिळण्याची एकही वेळ उरत नाही.

औषध तिथे का पोहोचत नाही

बुरशीविरुद्ध सर्वाधिक वापरली जाणारी औषधे ॲझोल गटातली आहेत. फ्लुकोनाझोलच्या गोळ्या आणि क्लोट्रिमाझोलचे तोंडात लावायचे औषध ही त्यांतली नेहमीची उदाहरणे. ती बुरशीच्या पेशीआवरणासाठी लागणाऱ्या अर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखतात. द्रवात सुट्या तरंगणाऱ्या पेशींवर ती उत्तम चालतात. त्याच बुरशीची पूर्ण वाढलेली बायोफिल्म घेतली, तर फ्लुकोनाझोलची मात्रा हजारपट वाढवूनही ती मरत नाही, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

याला एकच कारण नाही. थराच्या चिकट आवरणातली बीटा-ग्लुकान ही बहुशर्करा औषधाचे रेणू वाटेतच धरून ठेवते, त्यामुळे पेशींपर्यंत थोडेच औषध पोहोचते. जे पोहोचते ते बाहेर फेकणारे पंप पेशींच्या आवरणात असतात आणि थर धरायला सुरुवात होताच ते कामाला लागतात. थर जुना होत जातो तसे पेशींच्या आवरणातले अर्गोस्टेरॉलचे प्रमाणच कमी होते, आणि ज्या द्रव्याच्या निर्मितीवर औषध घाला घालते त्याची गरजच घटली, तर औषधाचा जोर ओसरणारच. शिवाय थराच्या तळाशी काही पेशी जवळजवळ निद्रिस्त अवस्थेत असतात. वाढणाऱ्या पेशी मेल्या तरी या तग धरून राहतात आणि उपचार थांबले की पुन्हा वाढू लागतात. 'बंद केलं आणि पुन्हा जैसे थे' या तक्रारीचा उलगडा इथे होतो. टाळूवरच्या पेशी औषधाने मेल्या होत्या, कवळीवरच्या जिवंत होत्या, आणि रुग्णाने तीच कवळी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टाळूला टेकवली होती.

आवरण भेदण्यात अधिक यशस्वी ठरणारी औषधे आहेत, परंतु ती मुख्यत्वे शिरेतून द्यायची असून गंभीर आजारांसाठी राखून ठेवलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बुरशीजन्य रोगकारकांची अग्रक्रम-यादी प्रथमच जाहीर केली, तेव्हा कँडिडा अल्बिकन्सला सर्वाधिक चिंताजनक गटात स्थान दिले. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या रक्तात शिरलेली हीच बुरशी प्राणघातक ठरते, हे त्यामागचे मोठे कारण. कवळीसाठी तेवढ्या जड उपायांची आवश्यकता नाही. थर हाताने मोडता येतो, आणि मोडलेल्या थरातल्या पेशींवर साधे औषधही चालते.

जिवाणूंची संगत

आतापर्यंत बुरशीविषयी स्वतंत्रपणे लिहिले, पण तोंडात ती एकटी कधीच नसते. स्ट्रेप्टोकॉकस गटातले काही जिवाणू थेट तिच्या तंतूंना चिकटून राहतात. त्यांतला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा दात किडवण्यासाठी प्रसिद्ध असलेला जिवाणू साखरेच्या सान्निध्यात एक विकर सोडतो. ते विकर बुरशीच्या पेशीभित्तिकेवरील मॅनन या बहुशर्करेला जाऊन चिकटते आणि साखरेपासून बुरशीच्या अंगावरच चिकट ग्लुकान तयार करू लागते. दोघांचा मिळून झालेला थर जाड आणि आम्लधर्मी असतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात प्रयोगशाळेतल्या उंदरांना साखरयुक्त आहार दिल्यावर असे आढळले, की दोन्ही सूक्ष्मजीव एकत्र असताना दातांची कीड ही एकेकट्याने केलेल्या किडीपेक्षा कितीतरी तीव्र होती. दोन-तीन वर्षांच्या मुलांचे वरचे पुढचे दात भराभर किडतात, तेव्हा त्यांच्या दातांवरच्या थरात या दोघांची जोडी वारंवार सापडते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपी जाते, तेव्हा या जोडीला रात्रभर पुरेल एवढा शिधा मिळतो.

बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे आले, की आजही आपल्याकडे टाकणखाराची लाही मधातून लावण्याचा सल्ला वडीलधाऱ्यांकडून प्रेमाने दिला जातो. त्यांचा हेतू चांगला असला तरी हा सल्ला पाळू नये, असे मी ठामपणे सांगेन. टाकणखारातले बोरॉन तान्ह्या बाळाच्या शरीराला विषारी ठरू शकते आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणेही बॉट्युलिझमच्या, म्हणजे जिवाणूच्या विषामुळे स्नायू लुळे पाडणाऱ्या गंभीर आजाराच्या, धोक्यामुळे वर्ज्य आहे. बाळरोगतज्ज्ञांनी दिलेले बुरशीरोधक औषध, आणि बाटली व निपल उकळून घेणे, एवढे तिथे बहुधा पुरते.

कवळी वापरणाऱ्यांनी काय करावे

रात्री झोपताना कवळी काढून ठेवावी, ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे आणि तीच सर्वांत कमी पाळली जाते. कवळीशिवाय चेहरा बोळका दिसतो, घरात सुना-नातवंडे असतात, अचानक कोणी आले तर काय, असा संकोच यामागे असतो आणि तो समजून घ्यायला हवा. घरच्यांनीच सहजपणे 'आजी, कवळी पाण्यात ठेवलीत का?' असे विचारले, तर तो पुष्कळ कमी होतो. प्रत्येक जेवणानंतर कवळी धुवावी आणि दिवसातून किमान एकदा ती मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने, विशेषतः टाळूकडच्या बाजूने, नीट घासावी. बेसिनमध्ये थोडे पाणी साठवून त्यावर हात धरून घासली, तर निसटून पडली तरी तुटत नाही. रात्री ती स्वच्छ पाण्यात किंवा दंतवैद्याने सुचवलेल्या द्रावणात बुडवून ठेवावी, रोज पाणी बदलावे आणि ती डबीही घासावी. उकळते पाणी वापरू नये, कारण ॲक्रिलिक वाकडे होऊन कवळी बसेनाशी होते. पातळ केलेले ब्लीच प्रभावी असले, तरी कवळीत धातूचा भाग असल्यास तो गंजतो, म्हणून विचारल्याशिवाय ते वापरू नये. टाळू, हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ कापडाने किंवा ब्रशाने पुसून घ्यावी.

औषध दिले असेल, तर ते टाळूबरोबरच कवळीच्या आतल्या बाजूलाही लावायचे असते. निस्टॅटिन हे बुरशीरोधक औषध आणि क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक ही दोन्ही दिली असतील, तर त्यांच्यात किमान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे, अन्यथा ती एकमेकांना निष्प्रभ करतात. फ्लुकोनाझोलच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेणे ज्येष्ठांसाठी धोक्याचे आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम त्यांच्यामुळे वाढून रक्तस्राव होऊ शकतो, आणि मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांबरोबर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. बारीक झालेल्या जबड्यावर सैल हलणारी जुनी कवळी टाळूला सतत घासते आणि बुरशीला वाट करून देते, म्हणून अशी कवळी नव्याने बसवून घेणे हाही उपचाराचाच भाग आहे. ओठांचे कोपरे फाटून चिरत असतील, तर झिजलेल्या कवळीमुळे तोंड अधिक मिटते आणि कोपऱ्यात लाळ साचते, हे त्याचे एक कारण असते. लोह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे दुसरे. तिथे स्टेरॉइडमिश्रित मलम लावत राहिल्याने मूळ कारण तसेच राहते. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी नंतर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, आणि मधुमेह असलेल्यांनी साखर आटोक्यात ठेवावी.

अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत काळजी घेणाऱ्या माणसाला ही माहिती असणे फार गरजेचे आहे. झोपेत थोडी लाळ श्वासनलिकेत जाते आणि कवळीवरचे सूक्ष्मजीव तिच्याबरोबर फुप्फुसात पोहोचू शकतात. जपानमध्ये पंच्याऐंशी वर्षांवरील ५२४ ज्येष्ठांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याची जोखीम, ती काढून झोपणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळली. पुण्यात मुले परदेशी असल्याने मदतनीस मावशींच्या भरवशावर राहणारे आई-वडील कमी नाहीत. औषधांच्या वेळा जशा कागदावर लिहून भिंतीला लावलेल्या असतात, तशी त्या कागदावर रात्री कवळी काढून घासण्याचीही एक ओळ असावी.

पांढरा चट्टा दिसला, तर तो कापसाच्या बोळ्याने हलकेच पुसून पाहावा. बुरशीचा नेहमीचा पांढरा थर पुसला जातो आणि खाली लाल, कधी किंचित रक्ताळलेली त्वचा दिसते. जो चट्टा पुसला जात नाही, विशेषतः गालाच्या आतल्या बाजूला ओठांच्या कोपऱ्याजवळ असतो, आणि तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा विडी-सिगारेटची सवय असलेल्या व्यक्तीच्या तोंडात असतो, त्यात बुरशीचे तंतू सापडले तरी तेवढ्यावर निदान थांबवता येत नाही, कारण अशा चट्ट्यांपैकी काहींत कर्करोगपूर्व बदल झालेले असतात. त्याचा छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवावा लागतो; बुरशीचे औषध देऊन महिनोन्‌महिने वाट पाहू नये.